मदत हवी आहे : आबांना तीन दिवसांपासून काळी संडास होतेय, ते म्हणतात पित्त आहे

नमस्कार. मी पारोळा तालुक्यातला, नोकरीमुळे पुण्यात असतो. घरी आई आणि आबा (वडील, वय ६१) दोघंच. जरा लांबण लावतो, कारण यातलं नेमकं महत्त्वाचं काय ते मला कळत नाही.

दिवाळीपासून आबांच्या पोटात आग होते. बेंबीच्या वर, बरगड्या मिळतात त्या खाली. रात्री दोन-अडीचला जाग येते, कपभर दूध घेतलं किंवा दोन बिस्किटं खाल्ली की शांत होतं. उपाशी राहिले की जास्त, असं आई सांगते. मेडिकलवरून पित्ताची गोळी आणतात, चार दिवस बरं वाटलं की बंद. गुडघ्यांसाठी दुखण्याची गोळीही तिथूनच येते. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरून गुडघे धरलेत. ती गोळी मात्र जवळजवळ रोज, बऱ्याचदा सकाळी कोऱ्या चहावर. विडी आहे, दारू नाही.

काल फोनवर बोलता बोलता आई म्हणाली, आबांना तीन दिवस झाले काळं होतंय. डांबरासारखं, चिकट, आणि वास फार घाण. लग्नातली काळ्या मसाल्याची शेवभाजी बाधली असं तिला वाटतं. आबांना विचारलं तर म्हणाले, "माले काय व्हयनं नही. पित्त शे, उतरी जाई." आज सकाळी ओट्यावरून उठताना त्यांना अंधारी आली आणि ते खाली बसले. हे मला शेजारच्या काकांनी सांगितलं, घरच्यांनी नाही.

कापूस वेचणीला मजूर लागलेत म्हणून पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जाऊ म्हणतात. मी शनिवारी पोहोचतो. तोवर थांबलं तर चालेल का?

रानमेवा : लग्नसराईत असं होतंच. दोन दिवस तिखट बंद, ओवा-जिऱ्याचं पाणी आणि थंड ताक द्या. आमच्याकडे सगळ्यांना लागू पडतं.

धुळ्याची सिस्टर : भाऊ, शनिवार नाही. आज. हे वाचून झालं की आधी काकांना फोन लावा.

मसाल्यानं संडास डांबरासारखी होत नाही. लोहाच्या गोळ्यांनी काळपट-हिरवी होते, पण ती अशी चिकट नसते आणि तिला हा वास नसतो. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त वाहिलं की ते खाली येईपर्यंत पचतं आणि काळं पडतं. तुम्ही लिहिलंय ते अगदी तसंच आहे. त्यात उठताना अंधारी, म्हणजे रक्त बरंच गेलेलं असू शकतं.

दुखण्याची गोळी आत्तापासून बंद. जठराच्या आतल्या अस्तराला सांभाळणारं जे द्रव्य शरीर तयार करतं, तेच या गोळ्या कमी करतात. म्हणून इंजेक्शननं घेतली तरी जखम होऊ शकते, उपाशीपोटी घेणं हे एकच कारण नाही. जाताना दोन्ही गोळ्यांची पाकिटं सोबत द्या. वाटेत खायला देऊ नका, दुर्बिणीची तपासणी रिकाम्या पोटी करतात. आबांना मोटारसायकलवर बसवू नका. रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी झाली, घाम फुटला, हात-पाय गार पडले, तर थेट १०८ ला फोन.

रानमेवा, ओव्याचं पाणी साध्या गॅसला चालतं, मीही घेते. इथे त्याच्यात वेळ जाईल.

बोरीकाठ : सिस्टरांचं ऐका. आपल्याकडे घशाशी आलं ते पित्त, पोट फुगलं तो गॅस, आणि छातीत कळ आली तोही गॅस. माझ्या मोठ्या भावाला पहाटे छातीत जळजळ सुरू झाली, डावा हात जड, अंगाला घाम. आम्ही अर्धा तास सोडा पाजत बसलो. तो हृदयविकाराचा झटका होता. भाऊ वाचला, पण तो अर्धा तास मला आजही आठवतो. आबांना पटत नसेल तर वाद घालू नका. काकांना गाडी घेऊन दारात उभं करा.

धागाकर्ता : काकांना फोन केला. गाडी काढतायत, धुळ्याला नेतील. मी रात्रीच्या बसनं निघतो.

खापरावरचे मांडे : धागाकर्त्याचं निघालंय ते बरं झालं. पण सिस्टर, मलाही जेवणानंतर आंबट ढेकर येतात, वय ३४. मग प्रत्येक वेळी घाबरायचं का?

धुळ्याची सिस्टर : नाही. उशिरा जेवून लगेच आडवं झाल्यावर आंबट पाणी वर येणं, हरभऱ्याच्या डाळीनं पोट फुगणं, प्रवासात दोन दिवस पोट साफ न होणं, हे कुणालाही होतं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवून बघा. पण आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल किंवा गोळीशिवाय भागत नसेल तर दाखवा. घास अडकतो, वजन आपोआप उतरतं, तपासणीत रक्त कमी निघतं, किंवा पन्नाशी-साठीत पहिल्यांदाच असा त्रास सुरू होतो, तिथे घरगुती उपाय करत बसू नये. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजव्या बाजूला खाली सरकलं तर अपेंडिक्स, तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ आली तर पित्ताशयातले खडे, अशी शंका घ्यायची. लाल रक्त पडलं तर मूळव्याध म्हणून परस्पर मलम लावू नका, एकदा तपासून घ्या.

धागाकर्ता (चार दिवसांनी) : आबा बरे आहेत. त्या रात्री हिमोग्लोबिन ७.२ निघालं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. दुर्बिणीत लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर दिसला, तिथून रक्त झिरपत होतं, दुर्बिणीतूनच ते थांबवलं. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही सकारात्मक आली. १४ दिवस अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी आहे, मध्ये एकही दिवस चुकवायचा नाही. कोर्स संपल्यावर महिन्याभरानं जंतू गेला का ते पुन्हा तपासणार आहेत.

जंतूमुळे अल्सर होतो हे ऐकून आबांना नवल वाटलं. मी वाचून सांगितलं, की हा जंतू १९८२ साली ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी शोधला. लोक विश्वास ठेवेनात म्हणून मार्शलनी तो स्वतः पिऊन बघितला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मंग तिखटना काय गुन्हा?"

सिस्टर, दोन प्रश्न राहिले. ठेचा कधी चालेल? आणि गुडघ्यांना आता काय द्यायचं?

धुळ्याची सिस्टर : तिखटानं अल्सर होत नाही, पण जखम भरेपर्यंत आग वाढवतं. महिनाभर भाकरी, मुगाची खिचडी, फिकं वरण द्या, मग थोडं थोडं. विडी बंद करायला लावा, तिच्यामुळे जखम भरायला उशीर लागतो. गुडघ्यांना शेक आणि व्यायाम, आणि डॉक्टर सांगतील त्या मापात पॅरासिटामॉल. मेडिकलवर मात्र "गुडघ्याची गोळी द्या" असं पुन्हा म्हणायचं नाही. नाव वेगळं, रंग वेगळा आणि आत तीच जात, असं होतं. अल्सर झाल्याची डिस्चार्जची चिठ्ठी दाखवूनच औषध घ्यायचं. तिचा फोटो आईंच्या आणि काकांच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये टाका.

धागाकर्ता : टाकला. पंप या वर्षी भाड्यानं माणूस लावून मारायचा असं ठरलंय, आबांनी हो म्हटलं.