40 टक्के पेन्शन विकावी का? सगळं 'किती जगणार' इथेच अडतंय

वाटाड्या_60:
केंद्र सरकारी नोकरी, जुनी पेन्शन योजना, येत्या मार्चअखेर 60 व्या वर्षी निवृत्ती. मूळ पेन्शन 50,000 बसेल. कर्ज नाही. अंशराशीकरणाच्या (पेन्शनचा काही भाग सरकारला विकून एकरकमी पैसे घेण्याच्या) रकान्यात किती टक्के लिहायचे, तिथे घोडं अडलंय. ऑफिसात सगळे डोळे झाकून 40 लिहितात. 'कापलेली पेन्शन 15 वर्षांनी पूर्ववत होतेच की' असं त्यांचं म्हणणं. पण कसाही हिशेब मांडला तरी तो एकाच आकड्यावर येऊन थांबतो: माणूस किती जगणार? सरासरी आयुर्मान 70 म्हणतात, म्हणजे पुढची 10 वर्षं धरायची का? आणि तो आकडा कुणी छातीठोक सांगणारा असता, तर ऐकून घ्यावा का? (पत्रिकावाल्यांनी कृपया माफ करावं.)

हिशेबतपासनीस:
आधी आकडे.

40 टक्के म्हणजे महिना 20,000. निवृत्तीनंतरच्या पुढच्या वाढदिवसाला तुम्ही 61 चे, म्हणून सरकारच्या वयवार तक्त्यातला गुणक 8.194. 20,000 × 12 × 8.194 = 19,66,560 रुपये एकरकमी, करमुक्त. बदल्यात 15 वर्षं दरमहा 20,000 कापले जाणार, म्हणजे एकूण 36 लाख. 'नुकसान कसलं' म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

महागाई वाढ मात्र पूर्ण 50,000 वरच मिळते, उरलेल्या 30,000 वर नाही. जुलै 2025 चा 58 टक्के दर धरला तर 29,000. हातात 79,000 ऐवजी 59,000 येतील.

आता व्याज. पूर्ण 15 वर्षं जगलात तर हे जवळपास 9 टक्क्यांचं कर्ज आहे. फरक इतकाच की कर्जदार गेला की बाकी माफ. कपात तिथेच थांबते, आणि कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगारावर ठरत असल्यामुळे पत्नीच्या पेन्शनला धक्का लागत नाही.

किती वर्षं जगलं तर बरोबरी होते?
मिळालेली रक्कम 6 टक्क्यांनी ठेवली तर साधारण 11 वर्षं 4 महिने.
7 टक्क्यांनी 12 वर्षं 2 महिने.
ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा 8.2 टक्के दर धरला तर साडेतेरा वर्षांच्या थोडं पुढे. पण तो दर 5 वर्षांसाठीच पक्का, पुढचं सरकारच्या मर्जीवर.
त्याआधी माणूस गेला तर विकण्यात फायदा, नंतर गेला तर तोटा.

कराबाबत जुने सल्ले फिरतात, त्यापासून सांभाळा. पूर्वी 20 टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस पेन्शन कमी करून करही वाचवायचा, त्यामुळे 9 टक्क्यांचं कर्ज त्याला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास पडायचं. तुमचं 79,000 दराने वर्षाचं उत्पन्न होतं 9,48,000. नव्या करपद्धतीत त्यावर तसाही कर नाही. वाचवायला करच नसेल तर 9 टक्के ते 9 टक्केच.

आकडेशास्त्री:
70 मधून 60 वजा करू नका, सगळ्यात महाग चूक तीच. 70 हे जन्माच्या वेळचं आयुर्मान. त्यात पाळण्यातली मुलं, तरुणपणी अपघातात गेलेले, सगळे आले. तुम्ही त्या चाळणीतून पार पडला आहात. भारतात साठी गाठलेल्या माणसाची सरासरी आणखी सुमारे 18 वर्षं, बायकांची थोडी जास्त. तीही गावंशहरं, गरीबश्रीमंत सगळे धरून. महिन्याला ठरलेला पगार आणि औषधपाण्याची सोय असलेले लोक साधारणपणे सरासरीच्या पुढेच जातात.

म्हणजे सरासरी निवृत्त माणूस 15 वर्षांची रेघ ओलांडतो.

वाटाड्या_60:
मग सगळ्यांनी शून्य लिहावं? विकण्यात फायदा कोणाचा?

हिशेबतपासनीस:
दोघांचा. ज्याच्या डोक्यावर 9 टक्क्यांहून महाग कर्ज आहे, त्याचा. आणि ज्याला डॉक्टरांनी गंभीर आजार सांगितला आहे, त्याचा. निवृत्तीपासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी नाही, कोणी काही विचारत नाही. वर्ष उलटलं की वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. प्रकृती तोळामासा असेल तर मंडळ तुमचं वय प्रत्यक्षापेक्षा जास्त धरायला सांगू शकतं. वय चढलं की गुणक उतरतो: 59 ला 8.371, 61 ला 8.194, 62 ला 8.093. पहिल्या वर्षात सरकार तुमचा आकडा विचारत नाही, नंतर तेच तो ठरवतं.

खात्यातला_माणूस:
गणित वर आलंच आहे. प्रत्यक्षात गफलती कुठे होतात ते लिहितो.

1. अंशराशीकरणाचं नामनिर्देशन वेगळं भरायचं असतं. उपदानाचं (ग्रॅच्युइटीचं) भरलं म्हणजे हेही झालं, असं समजू नका. विक्री लागू झाली आणि रक्कम हातात पडण्याआधी माणूस गेला, तर ती या नामनिर्देशनाप्रमाणे दिली जाते. कागद कोरा असला की वारस दाखल्यासाठी घरच्यांची फरपट.

2. 15 वर्षं निवृत्तीच्या तारखेपासून मोजू नका. रक्कम कधी जमा झाली आणि कपात कोणत्या महिन्यापासून लागली, ही नोंद पासबुकात शोधा, त्या पानाची झेरॉक्स पीपीओला (पेन्शन मंजुरीच्या आदेशाला) टाचून ठेवा. पंच्याहत्तरीत बँकेच्या काउंटरवर नेमका हाच कागद सापडत नाही.

3. वेतन आयोगानंतर पेन्शन सुधारली आणि फरकाचंही अंशराशीकरण झालं, तर त्या तुकड्याची 15 वर्षं स्वतंत्र. पूर्ववत होण्याच्या तारखा दोन. बँक पहिल्या तारखेला सगळं सोडेल, या भरवशावर राहू नका. अर्ज द्या, पोच घ्या.

4. एकदा लागू झालं की परत फिरवता येत नाही.

आणि ही 15 वर्षंही फुकट मिळालेली नाहीत. पूर्वी कपात मरेपर्यंत चालायची. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती 15 वर्षांवर आली. संघटना 12 मागताहेत. बरोबरीचं वर्ष वर पाहिलंत, मागणी उगाच नाही.

आकडेशास्त्री:
मूळ प्रश्नातला दुसरा भाग राहिला: आकडा कळला तर ऐकावा का?

या रकान्यापुरतं उत्तर सोपं. 71 कळलं तर 40 टक्के, 75 च्या पुढचं काहीही कळलं तर शून्य. मधली दोनतीन वर्षं व्याजदरावर. पण हा आकडा एकट्या तुम्हालाच कळणार असेल, तरच त्याचा उपयोग. सगळ्यांना कळला तर कमी जगणारे सगळे विकतील, जास्त जगणारे कोणीच विकणार नाहीत, आणि 8.194 चा गुणक महिन्याभरात गुंडाळावा लागेल. आयुर्विमा महामंडळाची 1994-96 ची मृत्युदर सारणी आणि 8 टक्के व्याज यांवर तो बेतला आहे. कोणालाच काही माहीत नाही, म्हणून तो टिकतो. आपण जास्त जगू असं वाटणारेच वार्षिकी (एकरकमी पैसे भरून मरेपर्यंत ठरलेली रक्कम देणारी योजना) विकत घेतात, हे विमावाल्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर वार्षिकीधारकांची मृत्युदर सारणी विमेदारांच्या सारणीपेक्षा वेगळी ठेवतात.

माझं विचाराल तर स्वतःचा आकडा नको, बायकोचा सांगा म्हणेन. तुमच्यामागे तिची पेन्शन आधी शेवटच्या पगाराच्या 50 टक्के. ती 7 वर्षं किंवा तुम्ही 67 चे झाला असता तोवर, जे आधी येईल ते. नंतर 30 टक्के. ती तुमच्याहून पाचसहा वर्षांनी लहान असेल तर घराचं नियोजन तिच्या नव्वदीपर्यंत न्यावं लागतं. तुमच्या रकान्यातल्या 40 किंवा शून्याने त्या 30 टक्क्यांत काहीच बदलत नाही.

सह्याद्रीवारा:
सगळे लवकर जाण्याचाच हिशेब करताहेत! केंद्राच्या पेन्शनीत 80 ला मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला 100 टक्के. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्याच्या 1 तारखेपासून. जन्मतारखेचा पुरावा पीपीओशी जुळतो का, हे आत्ताच बघून ठेवा. आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. ऐंशीच्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो.

वाटाड्या_60:
सगळ्यांचे आभार. बायको सहा वर्षांनी लहान आहे. कर्ज नाही, आजार नाही. शून्य लिहितोय. अंशराशीकरणाचं नामनिर्देशन मग भरावं लागेल का?

खात्यातला_माणूस:
शून्य असेल तर नाही. पण उपदानाचं आणि थकबाकीचं भरा, ती दोन्ही वेगळी.