रोटरी मशीननं रूट कॅनल, डॉक्टर नवीन असला तर चालते का?

महालकर_काका:
खालची डावीकडची पहिली दाढ लय ठणकून राहिली. एक्स-रे काढला तर कीड नसेपर्यंत गेली म्हणे, आरसीटीच (रूट कॅनलच) करा. घराजवळ एका पोरीनं नुकतंच क्लिनिक टाकलं, ती म्हणते काका रोटरी मशीन आहे, टेन्शन नका घेऊ. धरमपेठेतले जुने डॉक्टर दुप्पट पैसे सांगतात आणि मशीन त्यांच्याकडेही तीच. मग सगळं मशीनच करून राहिली तर हात नवा का जुना, यानं फरक काय पडते? फील्डमधलं कोणी सांगा ना भाऊ.

दंतू_एमडीएस:
पडतो, पण लोकांना वाटतो तिथं नाही. मुळातल्या नळ्या, म्हणजे कॅनल, घासून साफ करायच्या स्टीलच्या हँड फाईल (हातानं फिरवायच्या बारीक सुया) जाड नंबरच्या झाल्या की ताठ होतात, आणि तुमच्या या दाढेच्या पुढच्या मुळातले कॅनल बहुतेक वेळा वाकडेच असतात, ताठ फाईल तिथं सरळ घुसायला बघते, मग आत पायरी पडते नाहीतर टोकाशी मूळ रस्ता सोडून भलतीकडेच खोदलं जातं. १९८८ मध्ये निकेल-टायटॅनियमच्या तारेची फाईल करून पाहिली गेली, ती वाकते आणि परत सरळ होते, पुढं रोटरी, म्हणजे मोटरनं फिरवायची फाईल, उभी राहिली ती यावरच. म्हणून निव्वळ कॅनलच्या आकाराचं बघितलं तर नवा हातही बऱ्यापैकी काम देतो. कॉलेजात रेझिन ब्लॉकवर (नकली कॅनल असलेल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यावर) विद्यार्थ्यांकडून दोन्ही करून घ्या, रोटरीवाला कॅनल सहसा कमी बिघडलेला निघतो.

खरा फरक फाईल तुटण्यात. ही फाईल बरेचदा आधी काही न दाखवता तुटते. टोक अडकलं आणि मोटर फिरत राहिली की पिळून तुटते, वाकड्या जागी फिरवतच ठेवली की थकून तुटते. जुना हात दाबत नाही, हलकेच दोन-तीनदा आतबाहेर, काढली, पुसली, हायपोनं (जंतू मारायच्या औषधानं) धुतलं, १० नंबरची बारीक हँड फाईल शेवटपर्यंत जाते का बघितलं, मगच पुढची. नवा अडला की जोर लावतो. अडकली की मोटर उलटी फिरते हे खरं, पण त्या भरवशावर दाबायचं नसतं.

इंटर्न_बिंटर्न:
अगदी सर 😅 हँड फाईलची दाबायची सवय जाता जात नाही. आम्हाला काढलेल्या दाढांवर करून दाखवल्याशिवाय पेशंटच देत नाहीत, आणि १० अन् १५ नंबर हातानं सैल फिरली नाही तर मोटरला हात लावायचा नाही, लावला की मॅडम सगळ्यांसमोर झापतात.

ऑरेंज_बर्फी:
अनुभवाचं काही सांगू नका बाप्पा. माझी फाईल केस पिकलेल्या डॉक्टरकडेच तुटली, सांगितलंही नाही, दुसरीकडे एक्स-रे काढला तेव्हा मुळात पांढरी रेघ दिसली. त्याच त्या फाईली किती लोकांत चालवल्या असतील देव जाणे.

दंतू_एमडीएस:
@ऑरेंज_बर्फी तुकडा राहिला म्हणजे दाढ गेली असं नाही, तुटायच्या आधी कॅनल किती साफ झाला होता त्यावर बरंच आहे. पण पेशंटला सांगायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. आणि नुसती वर्षं मोजून काही कळत नाही हे तुमचं खरं.

@काका, त्या पोरीला बिनधास्त विचारा, दाढांच्या आरसीटी किती केल्या, एक फाईल किती दातांत वापरून फेकते, एपेक्स लोकेटर (मुळाचं टोक कुठं आलं ते सांगणारं यंत्र) आहे का, रबर डॅम (दात वेगळा ठेवायचा रबराचा पडदा) लावते का. या दाढेत तीन कॅनल असतात, कधी चार, आणि चौथा शोधून द्यायचं काम मशीन करत नाही, ते डोळ्यांनीच. मूळ फार वाकडं दिसलं तर एंडोडॉन्टिस्टकडं (रूट कॅनलच्या स्पेशालिस्टकडं) पाठवीन असं ती स्वतःहून म्हणाली तर मी तरी तिच्याकडेच करून घेईन.

महालकर_काका:
विचारून आलो. फाईलचं नीट सांगितलं तिनं, एक्स-रे लावून मूळही दाखवलं, फार वाकडं नाही म्हणे. शुक्रवारी बोलावलं. ते रबर डॅम तोंडावर ताणून लावतात म्हणे, गुदमरत तर नाही ना?

इंटर्न_बिंटर्न:
नाही काका, नाक मोकळं असते. फक्त सर्दी झाली असेल तर आधीच सांगून द्या.