अनुभव धागा : थरारमालिकेतला तो एक भाग. काय पटलं, काय ओढूनताणून वाटलं?

परवा रात्री एका वेबसिरीजचा शेवटून दुसरा भाग बघितला. नाव सांगत नाही, अजून बरेच जण बघतायत.

बाई घरात एकटी, गॅसवर कुकर. माळ्यावर एक माणूस दडून बसलेला. आपल्याला ठाऊक, तिला नाही. तिनं आधीच फोनवर सांगून ठेवलंय, ‘चौथी शिट्टी झाली की माळ्यावरची परात काढते आन् कणीक मळते.’ पहिली शिट्टी. दुसरी. मागं संगीत नाही, कुणी धावत नाही. वरणाचा कुकर बघून माझ्या तळहाताला घाम फुटला!

आणि पुढच्या दहा मिनिटांत त्याच लेखकानं माती खाल्ली. खुनी तिच्या गळ्याला सुरी लावून स्वतःचं बालपण सांगत बसतो, तेवढ्यात बारा वर्षं तोंड न दाखवलेला भाऊ दारात. का आला? तर त्याची बस चुकली म्हणून.

आमचे हे म्हणाले, ‘बस चुकू शकते की.’ शकते. परभणीच्या स्टँडवर माझी शंभरदा चुकलीय. पण त्यामुळं कुणाचा जीव वाचवायला मी एकदाही वेळेवर पोचले नाही.

तर मंडळी, तुमचा असा एखादा भाग सांगा. सगळी मालिका नको, एकच भाग. टीव्हीचा, ओटीटीचा, कुठलाही. शेवट फोडणार असाल तर आधी तसं लिहा.

लातूरहून
तुरीच्या डाळीला चार शिट्ट्या म्हणजे गाळ होतो ताई. आमच्यात तीनच. तिथंच मला संशय आला असता. बाकी शिरेल कोणती ते व्यनि (खाजगी निरोप) करा, बघायलोय.

जालना–संभाजीनगर, काळीपिवळी
मी ड्रायव्हर माणूस, मला सगळ्यात आधी गाडी दिसते. २०१३ ला कलर्सवर अनिल कपूरचं ‘२४’ लागायचं. मूळ अमेरिकन, २००१ चं. चोवीस भागांत एकच दिवस, एक भाग म्हणजे एक तास, पडद्यावर घड्याळ पळू राह्यलंय. मूळ मालिकेत तर जाहिराती चालू असल्या तरी घड्याळ थांबायचं नाही. हे आपल्याला लई आवडलं. वेळ दिसली की माणूस आपोआप पुढं सरकून बसतो. आम्हाला रोजची सवय आहे, सीटा भरेपर्यंत घड्याळच बघत बसायचं.

पण घड्याळ दाखवलं की हिशोबही द्यावा लागतो. हिरो जाहिरातीआधी गाडीत बसतो आन् जाहिरातीनंतर उतरतो. रेल्वे गेट नाही, डिझेल नाही, चहा नाही, लघवीला जाणं नाही! आमचं साठ किलोमीटरचं अंतर, पण बदनापूरला एक म्हातारी हात करती, तिचं गठुडं टपावर चढवण्यात पाच मिनिटं जातात. घड्याळ नसतं लावलं तर मी काहीच म्हणलं नसतं.

अंबाजोगाई, तेव्हा होस्टेलवर
२००४ मधला सीआयडीचा तो १११ मिनिटांचा भाग कुणाला आठवतो? सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच शॉट, मध्ये एकही कट नाही. गिनीज बुकात गेला. मेसच्या टीव्हीपुढं चाळीस पोरी आणि पोळीवाल्या मावशी.

त्याची ताकद अशी, की कट नसला की फसवता येत नाही. कोण कुठून कुठं गेलं ते सगळं आपल्यासमोर. एरवी खुनी एका कटमध्ये गच्चीवरून तळघरात जातो, तशी सोय इथं नव्हती. उलट बाजू म्हणजे सगळं घडणार जवळजवळ एकाच जागी आणि सगळे संशयित हाताशी. ते मी चालवून घेतलं, कारण एका शॉटसाठी ते करावंच लागणार. अडचणीपोटी केलेली जमवाजमव मला खुपत नाही, आळसापोटी केलेली खुपते.

नर्स, घाटी दवाखाना, संभाजीनगर
दोनच गोष्टी. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस दोन सेकंदांत पडत नाही, काही मिनिटं लागतात आणि तोवर तो लाथा मारतो. आणि मॉनिटरवरची रेघ सरळ झाली की शॉक देत नसतात. तेव्हा छाती दाबायची आणि इंजेक्शन द्यायचं. शॉक असतो तो हृदय वेडंवाकडं फडफडत असताना. हे मला चांगलं माहीत आहे. तरी परवाच्या भागात रेघ सरळ झाली आणि मी ड्युटीच्या साडीवरच रडले.

औसा तालुका
लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन. मामा उशिरा घरी आले. दाराला आतून कडी. झोपलेल्यांना कशाला उठवायचं म्हणून अंगणातल्या बैलगाडीत आडवे झाले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. पाऊस लागू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेले. सगळं ते वजन खाली आलं. मामी आत होत्या.

पुढं कधीतरी घरात एक थ्रिलर चालू होता. त्यात एकजण किल्ली विसरतो, बाहेर थांबतो आणि तेवढ्यात घरात स्फोट होतो. आम्ही पोरं हसलो, म्हणलं काय फालतूपणा, म्हणे किल्ली विसरला! मामा कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, ‘असं होतंय रे.’

मग पडद्यावरचा तो माणूस धूर झटकत उठला, फोन लावला आणि खुन्याच्या मागं लागला. मामा उठून बाहेर गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, ‘हे मात्र होत नाही.’

त्यांनी कडीची गोष्ट सांगायला तीन महिने घेतले होते. आता मी कुठलाही भाग बघताना योगायोग सोडून देतो, त्यानंतरचा सीन बघतो.

धागाकर्ती
औसा तालुका, लिहिलंत हे बरं केलंत. माझ्या त्या भागातला भाऊ आठवला. बारा वर्षांनी बहीण भेटते आणि पुढच्याच सीनमध्ये दोघं खुन्याचा नकाशा बघत बसतात. मी बसवर चिडत होते.

बीड, दोनदा पंच
पोलिसांनी रस्त्यातनं उचलून पंच केलं होतं, म्हणून सांगतो. पंचनाम्याला अर्धा दिवस गेला. फौजदारानं चप्पलसुद्धा मोजून लिहिली. मालिकेतला साहेब खोलीत शिरतो आणि हातमोजे न घालता बरोब्बर पलंगाखालचं बटन उचलतो. पंचाची सही कुठाय?

हिंगोली
भारनियमनाच्या दिवसांतली गोष्ट. सगळे संशयित एका खोलीत, इन्स्पेक्टर बोट उचलतो, ‘खुनी इथंच आहे आणि तो...’ लाईट गेली. चार तासांनी आली. तेव्हा पुन्हा दाखवणं-बिखवणं काही नव्हतं. आम्हा भावंडांत तीन तट पडले. मी आजही जावयावरच ठाम आहे.