बैठकीत कोणी बोलले नाही, मग निवेदन आले: आमच्या पद्धतीत खोट कुठे आहे?

प्रश्न (नवाजबाबदार)
मी एका मध्यम आकाराच्या उत्पादक कंपनीत असून गेल्या वर्षापासून सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचे, काम माझ्याकडे आहे. कारखान्याच्या विस्ताराबाबत परिसरातील रहिवाशांचे मत कळावे म्हणून आम्ही बैठक बोलावली. सादरीकरण झाले, हजेरीपटावर साठेक सह्या झाल्या आणि प्रश्नांसाठी राखून ठेवलेला अर्धा तास जवळजवळ शांततेत गेला. अहवालात ‘प्रतिसाद सकारात्मक’ अशी नोंद झाली. दोन महिन्यांनी त्याच रहिवाशांनी पाण्याच्या उपशाविरुद्ध निवेदन दिले. संधी दिली तेव्हा हे लोक गप्प का बसले, असे वरिष्ठ विचारतात. मला मात्र आमच्या पद्धतीतच खोट असल्याचा संशय आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (काठावरून)
विस्ताराचा निर्णय बैठकीपूर्वीच झाला होता का, हे आपण लिहिलेले नाही. पण सादरीकरण तयार होते, त्या अर्थी झालाच असावा. ठरून गेलेल्या गोष्टीवर मत विचारले की लोक गप्प बसतात, आणि त्या मौनाला संमती समजणे विचारणाऱ्याच्या सोयीचे असते.

शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणे ही तिसरी पायरी, मत विचारणे ही चौथी. या दोन्ही त्यांनी देखाव्याच्या सहभागात धरल्या आणि निर्णयातला खरा वाटा सहाव्या पायरीपासून, म्हणजे भागीदारीपासून, सुरू होतो असे म्हटले. आपली बैठक तिसऱ्या पायरीवर होती. अहवालाने तिला सहावीवर नेऊन बसवले.

पुढच्या वेळी बैठकीआधी एक साधी यादी करावी: उपसा किती, कोणत्या महिन्यांत, कोणत्या स्रोतातून, यांपैकी अजून काय बदलता येण्यासारखे आहे? ती यादी लोकांपुढे ठेवावी. बदलण्यासारखे काहीच उरले नसेल, तर ही केवळ माहिती देण्याची बैठक आहे असे सरळ सांगावे. राग येईल, पण फसवले गेल्याची भावना राहणार नाही.

उत्तर (जुनाहिशेबनीस)
थोडा विरोधी सूर लावतो. कंपनी भागधारकांच्या पैशावर चालते, आणि नियम पाळून नफा वाढवणे हीच तिची सामाजिक जबाबदारी, हे मिल्टन फ्रीडमन यांचे १९७० मधील प्रतिपादन मला अजूनही निराधार वाटत नाही. तरीही निव्वळ हिशेबाने पाहिले, तरी रखडलेला विस्तार वेळेवर घेतलेल्या चार बैठकांपेक्षा महाग पडतो.

मराठीत ‘भागधारक’ आणि ‘हितधारक’ हे शब्द इतके जवळचे आहेत, की सभेत अनेकदा एकाच्या जागी दुसरा बोलला जातो. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये केलेल्या व्याख्येत कंपनीच्या उद्दिष्टांवर परिणाम करू शकणारे आणि त्या उद्दिष्टपूर्तीचा परिणाम ज्यांच्यावर होतो ते, असे दोन्ही हितधारक ठरतात. पहिल्या गटाला निमंत्रण आपोआप जाते, कारण त्याची भीती असते. दुसऱ्याला शोधावे लागते. त्या साठ सह्यांमध्ये हंगामी मजूर, भाडेकरू आणि घरचे पाणी भरणाऱ्या बायका किती होत्या, हे एकदा तपासून पाहा.

उत्तर (चौथीखुर्ची)
निवेदनाकडे उपद्रव म्हणून पाहू नये. बैठकीत न मिळालेले उत्तर आपल्याला त्यात मिळाले आहे. उद्योग आणि मानवी हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०११ मधील मार्गदर्शक तत्त्वांपैकी एकतिसावे तत्त्व तक्रार निवारणाच्या व्यवस्थेचे निकष सांगते. ती व्यवस्था लोकांना सहज गाठता यावी, टप्पे आणि मुदती आधी कळाव्यात, तक्रारीचे पुढे काय झाले हे तक्रारदाराला समजावे, अशा अपेक्षा त्यांत आहेत. तेव्हा निवेदनातील प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्या, नकार असेल तर कारणासह.

आणखी एक. अशा वेळी शाळेला बाके देऊन वातावरण निवळवण्याचा मोह होतो. आयएसओ २६००० या २०१० च्या मार्गदर्शक मानकानुसार देणगी ही सामाजिक जबाबदारी कामकाजात मुरवण्याला पर्याय ठरू नये. पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर पाण्यातच द्यावे लागेल.

प्रश्नकर्ता (नवाजबाबदार)
सर्वांचे आभार. होय, निर्णय आधीच झाला होता. मात्र उन्हाळ्यातील उपशाचे प्रमाण अजून ठरलेले नाही, असे आज कागदपत्रांवरून दिसले. निवेदनावर सही करणाऱ्यांशी त्या एकाच मुद्द्यावर बोलण्याची परवानगी मागितली आहे. ‘सकारात्मक’ हा शेरा बदलून मिळेल का, तेही विचारले आहे.