चाहत्यांची बोली नवख्याला समजावून सांगावी, की त्यानं ती राहून शिकावी?

सायंतारा (धागाकर्ती)

आमचा कथामालिकांच्या चाहत्यांचा छोटा गट आहे. वीसेक जण, बारा वर्षं एकत्र वाचतोय आणि भांडतोय. गेल्या आठवड्यात गटात ठराव आला की आपल्यात रुळलेले सगळे खास शब्द, आद्याक्षरं आणि जुन्या प्रसंगांवरून पडलेली नावं यांची अर्थासकट यादी करायची, आणि नवीन माणसाच्या हातात ती पहिल्याच दिवशी द्यायची. मी विरोधात मत दिलं. एकीनं विचारलंच, "तुला नवीन लोक नकोत का?" हवेत. म्हणून तर विरोध केला, आणि त्यामागचं कारण इथे नीट मांडते.

विज्ञानकथांच्या अमेरिकी चाहत्यांमध्ये 'फिल्क' हा गाण्यांचा प्रकार आहे. 1950च्या दशकात एका चाहत्यानं लेखाच्या शीर्षकात 'फोक' लिहिताना चुकून 'फिल्क' टंकलं. मंडळींनी ती चूक दुरुस्त करण्याऐवजी जपून ठेवली, आणि संमेलनांत रात्री जमून जी गाणी म्हणत त्यांना तेच नाव दिलं. यादीत याचं काय होईल? 'फिल्क : विज्ञानकथांच्या चाहत्यांची गाणी.' अर्थ बरोबर आहे. पण ती चूक त्यात नाही, आणि ती प्रेमानं उचलून घेणारी माणसंही नाहीत.

त्याच मंडळींचा दुसरा शब्द 'गाफिया'. 'गेटिंग अवे फ्रॉम इट ऑल' याची ही आद्याक्षरं. सुरुवातीला अर्थ होता, रोजच्या जगातून सुटून चाहत्यांच्या जगात येणं. पुढे तोच शब्द चाहत्यांचं जग सोडून जाण्यासाठी वापरला जाऊ लागला. म्हणजे शब्दानं चक्क पाठ फिरवली. दोन्ही अर्थ एकाखाली एक लिहिता येतील, पण मधल्या काळात कोण कोण निघून गेलं हे माहीत असलेल्यालाच ते वळण कळतं.

आता आमचा शब्द सांगते. कुणी न पडताळता ठामपणे काही सांगू लागलं की आम्ही म्हणतो, "पान सतरा!" आमच्या एका मैत्रिणीनं एकदा दोन तास वाद घातला होता की अमुक प्रसंग सतराव्या पानावर आहे. सगळ्यांनी पुस्तकं उघडली. प्रसंग कुठेच नव्हता. तो तिनं स्वतः लिहिलेल्या गोष्टीत होता, आणि इतका चपखल होता की तिला तो मूळ पुस्तकातलाच वाटत होता. तीन वर्षांपूर्वी ती वारली. गटात अजून आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी 'पान सतरा' म्हणतंच. नवीन माणूस ते चार वेळा ऐकतो, पाचव्यांदा विचारतो, मग आमच्यातलं कुणीतरी त्याला तिची सगळी गोष्ट सांगतं. यादी हातात असेल तर तो विचारणारच नाही.

---

खडूफळा

तुमच्या मैत्रिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. तरीही मी ठरावाच्या बाजूनं आहे.

'पाचव्यांदा विचारतो' असं तुम्ही सहज लिहिलंत. मी एका गायकवृंदाच्या चाहत्यांच्या गटात गेलो होतो तेव्हा पहिल्याच दिवशी एका शब्दाचा अर्थ विचारला. उत्तर मिळालं, "आधी सहा महिने वाच, मग बोल." वर हसण्याच्या पाच-सहा खुणा. चार दिवसांनी गट सोडला. त्या वृंदाची गाणी मी त्यांच्यातल्या कित्येकांच्या आधीपासून ऐकत होतो. कमी होते ते फक्त शब्द. तुमचा गट विचारणाऱ्याला गोष्ट सांगतो, चांगलं आहे. पण सगळीकडे तुमच्यासारखी माणसं भेटतील हे गृहीत धरून नियम कसा करायचा?

तुमच्याच उदाहरणांतली मंडळी घेतो. 'फॅनझीन', म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेलं नियतकालिक, हा शब्द 1940 साली घडला. आणि 1944 साली जॅक स्पीअर नावाच्या चाहत्यानं या मंडळींच्या बोलीचा आणि इतिहासाचा 'फॅन्सायक्लोपीडिया' काढलासुद्धा. म्हणजे ज्यांनी ती बोली घडवली त्यांनाच चार वर्षांत कोशाची गरज वाटली. कोश आला म्हणून बोली आटली नाही. 'फिल्क' तर त्याच्यानंतर आला!

---

निळीशाई

सायंतारा यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. ते आठवणींचं नाही, सुरक्षिततेचं आहे.

1970च्या दशकात 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या चाहत्यांनी, बहुतांशी बायकांनी, कर्क आणि स्पॉक या दोन पुरुष पात्रांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहायला सुरुवात केली. दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ असली की गोष्ट प्रेमाची, 'आणि'ची खूण असली की मैत्रीची. त्या रेघेवरूनच 'स्लॅश' हे नाव पडलं. ज्याला कळायचं त्याला एका रेघेत कळे, बाकीच्यांची नजर पुढे सरके. त्या काळी अशा गोष्टी हातोहात फिरायच्या, उघड बोलणं अनेकींना परवडणारं नव्हतं.

हे जुनं झालं असं कुणी म्हणेल. चिनी चाहते आजही कलाकारांची नावं उच्चाराच्या रोमन आद्याक्षरांत लिहितात. जपानी चाहते नावात मुद्दाम फेरफार करतात, म्हणजे शोध घेणाऱ्याला मजकूर सापडू नये. त्याला 'केन्साकु-योके' असा शब्दच आहे, अर्थ 'शोध टाळणं'. चाहत्यांच्या कथांचं एक फार मोठं संकेतस्थळ, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', चीनमध्ये 29 फेब्रुवारी 2020 पासून बंद आहे. अशा ठिकाणी कुणी कळकळीनं शब्दांची यादी करून टांगली, तर ती वाचणारा पहिला माणूस नवखा चाहता असेलच असं नाही.

---

खडूफळा

निळीशाई, जिथे धोका आहे तिथे लपवा, माझं काहीच म्हणणं नाही. पण मला जो शब्द सांगितला गेला नाही तो कुणापासून लपवायचा होता? तो मिरवायचा होता. लपण्याचा शब्द आणि मिरवण्याचा शब्द एकाच मापानं मोजू नका.

---

टिपकागद

थोडं भाषेच्या बाजूनं. मायकेल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञानं 1976 साली 'प्रतिभाषा' ही कल्पना मांडली. मोठ्या समाजाच्या आत आपला वेगळा समाज उभारणारे गट व्याकरण बहुतेक तेच ठेवतात आणि शब्द बदलतात. त्याची उदाहरणं तुरुंगातली आणि गुन्हेगारी जगातली होती, ती चाहत्यांना जशीच्या तशी लावू नयेत. पण त्याचं एक निरीक्षण मला फार खरं वाटतं. ज्या गोष्टीत गटाचा जीव गुंतलेला असतो, तिच्यासाठी तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त शब्द घडवतो.

कोरियन चाहत्यांचंच बघा. सुरुवात जपानी 'ओताकू'पासून. मूळ अर्थ 'तुमचं घर', पण ते समोरच्याला अदबीनं 'आपण' म्हणण्यासाठी वापरतात. काही चाहते एकमेकांना असं संबोधत. 1983 साली अकिओ नाकामोरी यांनी एका मासिकातल्या सदरात तेच संबोधन या लोकांचं नाव म्हणून वापरलं, तेही हिणवून. तो शब्द कोरियात गेला, तिथल्या जिभेवर 'ओदॉखु' झाला, पुढचा 'ओ' झडून 'दॉखु' उरला. मग नुसत्या 'दॉक'ला उपसर्ग लागले. 'इपदॉक' म्हणजे चाहता होणं, 'ह्यूदॉक' म्हणजे काही काळ थांबणं, 'थालदॉक' म्हणजे बाहेर पडणं. 'सॉंगदॉक' म्हणजे ज्याचं चाहतेपण फळाला आलं तो. एखाद्या नात्यात शिरणं, थकणं, दूर जाणं, धन्य होणं, सगळ्याला एकेक शब्द. ज्यानं हे घडवलं त्या समूहाला हे नातं किती मोठं वाटत असेल!

आणि इथेच सायंतारा यांचं म्हणणं मला थोडं कच्चं वाटतं. 'शब्द म्हणजे आमच्यात घडलेली गोष्ट' असं त्या म्हणतात. पण कोरियातल्या ज्या मुलीनं 'इपदॉक' म्हटलं तिला 1983चं ते सदर माहीत असण्याची गरज नव्हती. शब्द मूळ गोष्ट विसरतात आणि तरी छान जगतात. रच्याकने, तिला तो शब्द वापरताना हिणवल्यासारखंही वाटत नाही. विसरण्याचा असाही फायदा असतो.

---

रानवाट

मी इथे लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते.

मी पहिली गोष्ट लिहिली तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नायिका माझ्याच वयाची, जहाज चालवणारी, हट्टी. आठ महिने लागले. त्यावर जो पहिला प्रतिसाद आला त्यात दोनच शब्द होते, 'मेरी सू'. पुढे काहीच नाही. खाली सात जणांची संमती.

हे नाव 1973 साली एका फॅनझीनमधल्या विडंबनातून आलं. 'स्टार ट्रेक'वरच्या चाहत्यांच्या गोष्टींत सर्वगुणसंपन्न तरुणी अवतरायच्या, त्यांची ती थट्टा होती, आणि ती एका बाईनंच लिहिली होती. नंतर हे नाव कुठल्याही कर्तबगार स्त्रीपात्राला चिकटवलं जाऊ लागलं. मला हे सगळं खूप उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझ्या गोष्टीचा निकाल लागलाय आणि तो कुठल्या कायद्यानं लागला ते मला कुणी सांगणार नाही.

माझा आक्षेप शब्द कळला नाही याला नाही. अशा शब्दामुळे बोलणाऱ्याची विचार करण्यापासून सुटका होते, याला आहे. त्या सात जणांना साध्या भाषेत लिहावं लागलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं की नायिका कुठे खोटी वाटते, कुठल्या प्रसंगात तिला फार सहज यश मिळतं. कदाचित लिहिता लिहिता त्यांच्याच लक्षात आलं असतं की तसं ते मिळत नाही. जहाज तर ती दोनदा बुडवते.

तुम्ही सगळे या बोलीबद्दल मायेनं लिहिताय. ती माया मलाही कळते, कारण पुढे मलाही असा गट मिळाला. पण त्या बोलीनं कुणाला मारताही येतं, आणि मारणाऱ्याला हाताला लागतसुद्धा नाही.

---

सायंतारा

रानवाट, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. आम्हीसुद्धा कुणावर 'पान सतरा' फेकून गप्प बसलोय का, ते आठवत बसले. बसलोय. एका मुलाच्या बाबतीत नक्की. तो नंतर फारसा बोलला नाही, आणि मी ते त्याच्या स्वभावावर ढकललं होतं.

तरी एक म्हणते. यादीनं तुम्हाला वाचवलं नसतं. यादीत लिहिलं असतं, 'मेरी सू : अवास्तव परिपूर्ण नायिका', आणि त्या सात जणांच्या शेऱ्याला अधिकृत शिक्काच मिळाला असता. तुम्हाला बळ मिळालं असतं ते 1973ची हकिकत कळल्यावर. ती हकिकत एका ओळीत मावत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

---

खडूफळा

मग दहा ओळी लिहा! हकिकतीसकट लिहा. तुम्ही यादी वाईट लिहिली जाईल असं आधीच धरून चालला आहात आणि मग यादीलाच नको म्हणताय.

---

उंबराचं_पान

निळीशाईंनी ज्या कथासंग्रहाचा, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'चा, उल्लेख केला, तिथली एक पद्धत सांगतो. नोव्हेंबर 2009 पासून तो सर्वांसाठी खुला आहे. तिथे लेखक आपल्या कथेला हव्या त्या शब्दांत खूणचिठ्ठ्या, म्हणजे टॅग, लावतो. एकच गोष्ट दहा जण दहा तऱ्हांनी लिहितात, कुणी आद्याक्षरांत, कुणी अख्ख्या वाक्यात. या चिठ्ठ्या बघणारे स्वयंसेवक आहेत. ते लेखकाचा शब्द बदलत नाहीत, पडद्यामागे तो एका प्रमाण चिठ्ठीला जोडून देतात. त्यामुळे नवखा माणूस साधा शब्द शोधतो आणि त्याला आतल्या बोलीत लिहिलेली कथाही सापडते. लेखकाची तऱ्हा शाबूत राहते आणि वाचकालाही वाट मिळते. हे इतकी वर्षं हातानं, माणसं बसून करतात, याचं मला फार अप्रूप आहे.

---

खडूफळा

उत्तम सोय आहे. पण ती वाचणाऱ्याची. मला बोलायचं होतं.

---

कोवळं_ऊन

मी अशा कुठल्याच गटात नाही, 'फिल्क' हा शब्द आजच वाचला. त्या मैफलीत नवख्यानं गायलं तर चालतं का? आणि टिपकागद यांच्या प्रतिसादातलं 'रच्याकने' म्हणजे काय?

---

सायंतारा

'रस्त्याच्या कडेने'. 'बाय द वे'चं कुणीतरी शब्दशः मराठी केलं, मग त्याची टोकं जोडून एक शब्द झाला. म्हणजे 'जाता जाता'.

फिल्कचं म्हणाल तर चालतं. एक जुनी रीत आहे. सगळे गोल बसतात आणि पाळी क्रमानं फिरते. आपली पाळी आली की तीन गोष्टींपैकी एक करायची. स्वतः गायचं, कुणाला तरी अमुक गाणं गा म्हणायचं, किंवा पाळी पुढे सोडायची. पहिल्यांदा आलेल्यालाही तीच पाळी आणि तेच तीन पर्याय.

---

खडूफळा

तुम्ही आत्ता एका नवख्याला दोन शब्दांचे अर्थ सांगितलेत. हकिकतीसकट, आणि पाचेक ओळींत.

---

सायंतारा

हो, कारण त्यांनी विचारलं.

---

खडूफळा

मीसुद्धा विचारलं होतं. एकदाच. दुसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

---

सायंतारा

याचा विचार मी केला नव्हता.

ठराव रविवारी पुन्हा येतोय. पहिल्या दिवशी हातात यादी द्यायला माझा विरोध राहील. पण 'पान सतरा'ची हकिकत मी लिहून ठेवते. तिच्या नावासह, त्या दोन तासांच्या भांडणासह, आणि त्या मुलावर आम्ही तो शब्द कसा वापरला तेही. त्याला आधी फोन करते.