प्रतिसाद : पिउरे ही वनस्पती नव्हे, प्राणीच आहे

वर एका सदस्याने चिलीच्या किनाऱ्यावरील पिउरेला 'खडकावर वाढणारी वनस्पती' म्हटले आहे, त्यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. पिउरे हा सी-स्क्वर्ट (पिशवीसारख्या अंगाचे, पाणी गाळून खाणारे समुद्री जीव) गटातील प्राणी असून त्याचे शास्त्रीय नाव पायुरा चिलेन्सिस असे आहे. चिलीचे निसर्गअभ्यासक मोलिना यांनी 1782 मध्ये त्याचे वर्णन केले होते. चिली आणि दक्षिण पेरूच्या किनाऱ्याला लागून हम्बोल्ट प्रवाहाचे थंड, पोषक पाणी वाहते. तेथे भरती-ओहोटीच्या पट्ट्यापासून खोल पाण्यापर्यंतच्या खडकांवर हे जीव एकमेकांना इतके घट्ट चिकटून वाढतात, की वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे अंगावर बसलेला तो गठ्ठा पाहताना आपण दगडच पाहत आहोत असे वाटते. कोळी तो करवतीने कापतात, आणि आत एकेका खळग्यात लालभडक मांसल गोळा दिसतो. हा प्राणी एका छिद्रातून पाणी आत घेतो, त्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो आणि दुसऱ्या छिद्रातून ते बाहेर सोडतो. मला सर्वांत विलक्षण वाटते ते त्याच्या रक्तातील व्हॅनेडियम धातूचे प्रमाण, जे सभोवतालच्या समुद्रातील पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते.

सदस्यांचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण प्रौढ पिउरे जागचा हलत नाही. मात्र त्याचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेले पिल्लू, बेडकाच्या पिल्लाप्रमाणे शेपटी हलवत पोहते आणि त्या शेपटीत आपल्या कण्याशी नाते सांगणारा पृष्ठरज्जू (आधार देणारा लवचिक दांडा) असतो.