मदत हवी आहे : शेळ्या, बेशरम आणि घाणेरी

सप्रेम नमस्कार. इंदूरहून महूकडे जाताना आमची दीड बिघा काळी जमीन असून तिच्या नाल्याकडच्या बाजूला बेशरम आणि घाणेरी ही रानटी झुडपे इतकी माजली आहेत की, उन्हाळ्यात तोडूनही भाद्रपदात ती पुन्हा कमरेएवढी उभी राहतात. बेशरमाचे तोडलेले कांडेसुद्धा ओल्या मातीत रुजते.

घरच्या चार शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून शेवग्याची रोपे ओरबाडतात, तेही एक वेळ सोसता येईल. परंतु घाणेरीच्या पानांनी शेळीचे यकृत बिघडते, आणि बेशरम सतत खाल्ल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होऊन तिचा तोल जातो, शिवाय एकदा चव लागली की ती तेच शोधत फिरते. आमची गाभण शेळी आठवडाभर त्याच झुडपांकडे ओढ घेते आहे, म्हणून मन फार धास्तावले आहे.

तणनाशक मला नको, कारण नाल्याचे पाणी पुढे गुरे पितात. ज्यांनी माळव्यात बेशरम मुळासकट काढली असेल, त्यांनी खणण्याची योग्य वेळ, कांड्यांची विल्हेवाट आणि कुंपणाला सागरगोटा लावावा की घायपात, हे कृपया स्वानुभवावरून कळवावे.